‘घरमेंच तो है’ : ऑनलाइन शिकणाऱ्या मुलामुलींच्या वेळेचा हिशोब

आतल्या खोलीत मुलगी भिंतीला टेकून मोबाइलवर लेक्चर ऐकत बसलेली असते. कानात इअरफोन, मांडीवर वही. तेवढ्यात दारात पाहुणे येतात. अम्मी आवाज देते, “उठ बेटा, चाय रख.” मुलगी म्हणते, “अम्मी, क्लास चालू है मेरी.” उत्तर ठरलेलं असतं, “कहाँ की क्लास? घरमेंच तो है तू!”

जिंतूरमध्ये हे वाक्य मी इतक्या घरांत ऐकलं आहे की आता त्याचं नवल वाटत नाही. माझ्या स्वतःच्या घरातही ऐकलं आहे, आणि म्हणणारी मीच होते. ते पुढे सांगते. अम्मीच्या मनात यात काही वाईट नसतं. जी मुलगी सकाळी एसटीने परभणीला कॉलेजला गेली, तिला चहा ठेवायला कुणी सांगत नाही, कारण ती समोर नसते. जी घरात बसून शिकते ती दिवसभर समोर असते, म्हणून ती मोकळीच आहे असं सगळ्यांना वाटतं. हळूहळू तिला स्वतःलाही तसंच वाटायला लागतं.

ऑनलाइन शिक्षणाचा विषय निघाला की आपण मोबाइल, नेट आणि फी यांवर बोलतो. वेळेवर कुणी बोलत नाही. पण माझ्या पाहण्यात जी मुलं मध्येच गळाली, त्यातली बरीचशी नेटमुळे गळाली नाहीत. त्यांच्या अभ्यासाच्या वेळेला घरात वेळ म्हणून मोजलंच गेलं नाही.

आता ही तात्पुरती सोय राहिलेली नाही

मार्च २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा आम्ही शिक्षक व्हॉट्सअॅपवर धडे पाठवायचो. बोरी, चारठाणा, येलदरीकडची मुलं रेंजसाठी गच्चीवर चढायची. सगळ्यांना वाटलं, शाळा उघडल्या की हे संपेल. शाळांपुरतं ते बऱ्यापैकी संपलंही. पण बारावीनंतरच्या शिक्षणात ते राहिलं आणि वाढलं.

त्याचं कारण आपल्या गावाच्या नकाशातही आहे. जिंतूरला रेल्वे नाही. परभणी चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर. रोज जाऊन-येऊन शिकायचं तर दिवसाचे अडीच-तीन तास एसटीत आणि स्टँडवर जातात. काही पालकांना पास परवडतो पण मुलीला रोज एकटी पाठवायची तयारी नसते. काहींची तयारी असते पण परवडत नाही. मग इग्नू, नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ, आणि उर्दू माध्यमातून शिकलेल्यांसाठी हैदराबादची मौलाना आझाद नॅशनल उर्दू युनिव्हर्सिटी, म्हणजे ‘मानू’, हे पर्याय पुढे येतात. इग्नू १९८५ ची, नाशिकचं विद्यापीठ १९८९ चं, मानू १९९८ ची. म्हणजे घरी बसून डिग्री घेणं ही काही कालची गोष्ट नाही. पूर्वी पुस्तकांचं पार्सल पोस्टाने यायचं, आता लेक्चरही खिशात येतं.

त्यात ‘स्वयम्’ची भर पडली. केंद्र सरकारचं हे मोफत शिक्षणाचं पोर्टल ९ जुलै २०१७ ला सुरू झालं. यूजीसीच्या २०२१ च्या नियमानुसार कॉलेजला एका सत्रातल्या ४० टक्क्यांपर्यंत विषयांचे क्रेडिट ‘स्वयम्’वरच्या कोर्समधून मान्य करता येतात. म्हणजे रोज कॉलेजात जाणारा मुलगाही थोडाफार ऑनलाइन विद्यार्थी असू शकतो. शिवाय नीट, पोलीस भरती, एमपीएससी यांची तयारी यूट्यूबवर करणारे वेगळेच. आज बऱ्याच घरांत असा एक तरी विद्यार्थी आहे.

रोजचे चार तास

पालकांना मी नेहमी एक प्रश्न विचारते. “मुलीने घरबसल्या डिग्रीला अॅडमिशन घेतली, चांगलं झालं. रोज किती तास अभ्यास लागेल याला?” बहुतेकांचं उत्तर असतं, “मॅडम, परीक्षा के टाइम पे पढ़ लेगी. महिनाभर.”

आता हिशोब करू. इग्नूमध्ये एक क्रेडिट म्हणजे ३० तासांचा अभ्यास धरतात. पुस्तक वाचणं, व्हिडिओ पाहणं, असाइनमेंट लिहिणं सगळं त्यात आलं. चार क्रेडिटचा एक विषय म्हणजे १२० तास. एका सत्रात असे पाच विषय धरा, झाले ६०० तास. सत्र सहा महिन्यांचं, म्हणजे ढोबळमानाने २५ आठवडे. आठवड्याला आले २४ तास. जुम्म्याची सुट्टी दिली तर उरलेल्या सहा दिवसांत रोज चार तास.

चार तास! हा आकडा मी फळ्यावर लिहून दाखवला तेव्हा एका मुलाचे अब्बा म्हणाले, “इतनी तो दुकान की आधी ड्यूटी हुई.” अगदी बरोबर बोलले ते. डिग्री ही अर्ध्या दिवसाची नोकरी आहे, फक्त तिला पगार नाही आणि हजेरी घेणारा मुकादम नाही. म्हणून तर ती सगळ्यात आधी बुडते.

दीडेक वर्षापूर्वी माझी एक जुनी विद्यार्थिनी भेटली. दहावीला वर्गात पहिल्या तिघांत असायची. बारावीनंतर एका मुक्त विद्यापीठात बीएला नाव घातलं होतं. पहिलं वर्ष निघालं. दुसऱ्या वर्षी तीन विषयांच्या असाइनमेंट राहिल्या, मग परीक्षेच्या फॉर्मची तारीख गेली. मला म्हणाली, “मॅडम, आता माझं डोकंच चालत नाही. पहले जैसा याद नहीं रहता.” घरात तोवर रिश्त्याची बोलणी सुरू झाली होती. शिकण्यात तिचं मन नाही, असं घरच्यांनी ठरवून टाकलं होतं.

मी तिला बसवलं आणि एका कागदावर तिचा कालचा दिवस लिहायला सांगितला. फजरपासून झोपेपर्यंत, खरा, जसा गेला तसा. सकाळचे डबे, लहान भावाची शाळा, दुपारचा स्वयंपाक, दादीची औषधं, मशीनवर दोन ब्लाउज, संध्याकाळच्या चपात्या. अभ्यासाचे तुकडे आम्ही लाल पेनाने खुणावले. वीस मिनिटं, पंधरा मिनिटं, पुन्हा वीस, रात्री पंधरा. एकूण एक तास दहा मिनिटं, तेही चार तुकड्यांत. लागतात चार तास. डोकं चालत नसल्याची तक्रार करणाऱ्या या मुलीला डोकं चालवायला वेळच कुठे होता? ती बराच वेळ त्या कागदाकडे बघत राहिली. मग म्हणाली, “मला वाटायचं मी दिवसभर अभ्यासच करते. मोबाइल तर दिवसभर समोर असतो.”

हा कागद कुणीही करून बघावा. एक दिवस पुरत नाही, तीन दिवस लिहा. त्यातला एक जुम्मा आणि एक बाजारचा दिवस असू द्या. वेळापत्रक त्यानंतर करायचं. आपल्याकडे मुलं उलटं करतात. रंगीत पेनांनी सुंदर टाइमटेबल आधी बनवतात, भिंतीवर लावतात, आणि चौथ्या दिवशी ते फक्त भिंतीवर उरतं.

माझ्या मुलीच्या वहीतल्या रेघा

आता माझ्या घरचं सांगते. माझी मुलगी ‘स्वयम्’वर एक बारा आठवड्यांचा कोर्स करत होती. एका रविवारी तिची वही चाळताना मागच्या पानावर पेन्सिलच्या उभ्या रेघा दिसल्या. चार रेघा आणि पाचवी आडवी, असे गठ्ठे. विचारलं, हे काय? थोडी गप्प राहिली, मग म्हणाली, “अम्मी, अभ्यासाला बसल्यावर कोणी आवाज दिला की एक रेघ मारते.” शनिवारच्या एका तासासमोर नऊ रेघा होत्या. त्यातल्या सहा माझ्या.

“गॅस बंद कर.” “दूधवाला आला बघ.” “तुझ्या अब्बूंचा चष्मा कुठे आहे?” एकेक काम एका मिनिटाचं. मी शिक्षिका आहे, वर्गाचं दार कुणी मध्येच उघडलं तर माझ्या कपाळाला आठ्या पडतात. आणि घरी मीच तासात सहा वेळा दार उघडत होते. माझा मुलगा त्याच सुमारास त्याच खोलीत नीटचा अभ्यास करायचा. मी त्याला किती वेळा उठवलं? त्याच्याकडे वही नव्हती, पण मला आठवत होतं. एकदाही नाही.

त्या रात्री जेवताना आम्ही घरात दोन वेळा ठरवल्या. सकाळी फजरनंतर दीड तास आणि दुपारी जोहरनंतर दीड तास. या दोन वेळांत तिला हाक मारायची नाही; पाहुणे आले तरी नाही, सामान उतरवायचं असलं तरी नाही. दाराच्या कडीला तिने आपली जुनी ओढणी बांधायची, ओढणी दिसली की ती ‘परभणीला गेलेली’ आहे असं समजायचं. बदल्यात रात्रीची भांडी तिची. दूधवाल्याचं काम मुलाकडे गेलं. त्याने थोडी कुरकुर केली, मग सवय झाली. आमच्या सासूबाई पहिले काही दिवस ओढणी असतानाच नेमक्या आत जायच्या, “बस पानी दे रही हूँ बेटा,” म्हणत. त्यांना कोण अडवणार!

दीड तासाचे सलग दोन तुकडे म्हणजे तीन तास. चौथा तास दिवसभरातल्या फुटकळ कामांना ठेवला, म्हणजे नोट्स उतरवणं, असाइनमेंट अपलोड करणं, ग्रुपवरचे मेसेज बघणं. ही कामं तुकड्यांत होतात. नवीन धडा समजून घेणं मात्र तुकड्यांत होत नाही.

ज्या घरात दीड तास सलग मिळणं शक्यच नाही, तिथे पंचवीस मिनिटांचा तुकडा धरावा. इटलीच्या फ्रान्सेस्को सिरिलो यांनी १९८० च्या दशकाच्या शेवटी, स्वतः विद्यार्थी असताना, स्वयंपाकघरातलं टोमॅटोच्या आकाराचं टायमर लावून पंचवीस मिनिटं अभ्यास आणि पाच मिनिटं विश्रांती अशी पद्धत काढली. आता तिचा जगभर बोलबाला आहे. मला त्यात फार मोठं गुपित दिसत नाही, पण एक फायदा नक्की दिसतो. “पंचवीस मिनिटं थांबा” असं म्हटलं की घरातले थांबतात. “अभ्यास आहे” म्हटलं की थांबत नाहीत.

मुलांचं दुखणं वेगळं

मुलग्यांना चहा ठेवायला कुणी उठवत नाही. त्यांच्याकडे दोन टोकं दिसतात. एक, ज्यांना वेळच वेळ आहे. रूममध्ये लेक्चर चालू, वर रीलच्या सूचना, खाली मित्रांचा ग्रुप. तीन तास बसून उठतात आणि वहीत अर्धं पान. दुसरं टोक म्हणजे गॅरेजवर, मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात किंवा फळांच्या गाड्यावर सकाळी नऊ ते रात्री नऊ उभी राहणारी मुलं. घर त्यांच्या कमाईवर चालतं आणि डिग्रीही हवी आहे.

या दुसऱ्या मुलांना रोज चार तास सांगणं म्हणजे थट्टा होईल. त्यांना मी वेगळं सांगते. इग्नूची तीन वर्षांची बीए जास्तीत जास्त सहा वर्षांत पूर्ण करता येते. सगळ्या विषयांची परीक्षा एकाच वेळी द्यावी लागते असंही नाही. दोन विषय निवडा. दोन विषयांचे २४० तास, २५ आठवड्यांत आठवड्याला जेमतेम दहा तास. फजरनंतर रोज एक तास आणि जुम्म्याला दुकान बंद असेल तेव्हा चार तास, एवढ्यात बसतं. डिग्रीला तीनऐवजी पाच-सहा वर्षं लागतील. लागू द्या. पाच विषय घेऊन पाचही नापास होण्यात आणि मग “अपने बस का नहीं” म्हणून सोडण्यात काही शहाणपण नाही.

मगरिबचा घोळ

आपल्या घरांत दिवस आधीच पाच ठिकाणी बांधलेला असतो. ही मोठी सोय आहे. दुसऱ्यांना सवय लावावी लागते, आपल्याला खुंट्या तयार मिळतात. अभ्यास घड्याळाला बांधण्यापेक्षा नमाजला बांधला तर विसरत नाही. “साडेपाचला बसायचं” यापेक्षा “फजर पढून जागेवरच बसायचं” हे टिकतं.

पण यात दोन अडचणी आहेत. पहिली, नमाजच्या वेळा सरकतात आणि लाइव्ह क्लास सरकत नाही. आपल्याकडे डिसेंबरच्या सुरुवातीला मगरिब पावणेसहाच्या आसपास होते, जूनअखेरीस सात वाजून गेलेले असतात. सात वाजताचा लाइव्ह क्लास हिवाळ्यात आरामात जमतो, उन्हाळ्यात बरोबर मगरिबवर येतो. म्हणून कोर्स घेण्याआधी रेकॉर्डिंग मिळतं का हे विचारून घ्यावं. मिळत असेल तर लाइव्हचा हट्ट धरू नये.

दुसरी अडचण कुणी बोलून दाखवत नाही. मगरिब ते इशा हा सव्वा-दीड तास अभ्यासाला उत्तम, असं सगळे सांगतात. मुलग्यांना उत्तमच आहे. मुलींच्या बाबतीत तीच वेळ चपात्यांची आहे. ज्या घरात सून किंवा मुलगी शिकते आहे तिथे तिला मगरिबनंतरचा अभ्यास सांगू नका, कागदावरच राहील. तिला दुपार द्या.

नेट कमजोर असलेल्या गावांसाठी आणखी एक सोय आहे, ती फार थोड्यांना माहीत आहे. ‘स्वयंप्रभा’ या शैक्षणिक वाहिन्या डीटीएचवर मोफत दिसतात. त्यांची योजनाच अशी आहे की दिवसातला किमान चार तासांचा नवा कार्यक्रम त्याच दिवशी आणखी पाच वेळा दाखवायचा, म्हणजे ज्याला जी वेळ जमेल त्याने ती घ्यावी. घरात एकच मोबाइल आहे आणि तो अब्बांसोबत दुकानात जातो, अशा मुलांना याचा उपयोग होतो. मोबाइल रात्रीच घरी येत असेल तर ज्या अॅपमध्ये डाउनलोडची सोय आहे तिथे रात्री लेक्चर उतरवून ठेवायचं आणि फजरनंतर, मोबाइल दुकानात जायच्या आधी, बघायचं. व्हिडिओचा दर्जा कमी ठेवला तर डेटाही बराच वाचतो. फळ्यावरचं अक्षर वाचता आलं म्हणजे झालं.

हिफ्जवाल्या मुलांकडून घेण्यासारखं

मुलं विचारतात, मॅडम, लेक्चर तर सगळी बघितली, परीक्षेत आठवत का नाही? मी म्हणते, मदरशात हिफ्ज करणाऱ्या मुलाला जाऊन विचारा.

हिफ्जचा विद्यार्थी दिवसाचे तीन भाग करतो. सबक, म्हणजे आजचा नवा धडा. सबक-पारा, म्हणजे अलीकडे पाठ केलेल्याची उजळणी. आणि आमोख्ता, काही ठिकाणी मंजिल म्हणतात, म्हणजे जुन्या पाऱ्यांची फेरी. नवा सबक छोटा असतो, उजळणी मोठी असते. आणि हे सगळं उस्तादांना तोंडी ऐकवायचं असतं. समोर कुराण उघडं ठेवून नाही. अडखळला की तिथेच कळतं.

ऑनलाइन विद्यार्थी नेमकं उलटं करतो. रोज नवा सबक, नवा सबक, नवा सबक. लेक्चर नंबर ३७ झालं, ३८ लावलं. दीडपट वेगाने लावलं म्हणजे वेळ वाचला असं वाटतं. उजळणी परीक्षेच्या आदल्या आठवड्यात. ऐकवणं तर कुणालाच नाही. व्हिडिओ पुन्हा बघितला की “हे तर येतं मला” असं वाटतं, कारण समजावणारे सर समोर बोलत असतात. सर गप्प झाले की मग काय येतं ते कळतं. अमेरिकेतले संशोधक रोडिगर आणि कार्पिकी यांनी २००६ मध्ये विद्यार्थ्यांवर हाच प्रयोग केला होता. उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा, एकदा वाचून तो न बघता आठवून लिहिणाऱ्यांना आठवड्यानंतर जास्त आठवला. आपल्या मदरशांतले उस्ताद हे पिढ्यान्‌पिढ्या करवून घेत आले आहेत, फक्त आपण ते शाळा-कॉलेजच्या अभ्यासाला लावत नाही.

तर दीड तासाची बैठक अशी करता येते. पहिली वीस मिनिटं कालचं आणि परवाचं, वही मिटून, कोऱ्या कागदावर आठवून लिहायचं. मग पन्नास मिनिटं नवं लेक्चर, पण दर दहा मिनिटांनी थांबवून दोन ओळी स्वतःच्या शब्दांत. उरलेली वीस मिनिटं आमोख्ता, म्हणजे महिन्याभरापूर्वीच्या एखाद्या धड्याचे प्रश्न. आणि ऐकवायला कुणीतरी हवं. ते शिकलेलंच असावं असं नाही. माझ्या ओळखीची एक मुलगी अर्थशास्त्राचे धडे आपल्या खालाला सांगते. खाला पाचवी शिकलेल्या. महागाईचा धडा ऐकून त्यांनी विचारलं, “मग तेल महाग झालं की साबण का महाग होतो?” मुलीला उत्तर आलं नाही. दोघी हसल्या, आणि तिने तो धडा पुन्हा उघडला.

रमजान आणि जानेवारीचं सत्र

रमजान दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे येतो. २०२५ मध्ये तो आपल्याकडे २ मार्चला सुरू झाला, दहावीची परीक्षा तेव्हा चालूच होती. पुढची काही वर्षं तो फेब्रुवारी-जानेवारीत असेल. ‘स्वयम्’वरचे एनपीटीईएलचे कोर्स जानेवारी ते एप्रिल चालतात, म्हणजे बारापैकी चार आठवडे रमजानमध्ये जाणार हे आधीच धरून चालावं.

इथे एक नियम कामाला येतो. एनपीटीईएलच्या बारा आठवड्यांच्या कोर्समध्ये दर आठवड्याला एक असाइनमेंट असते आणि गुण धरताना बारापैकी सर्वांत चांगल्या आठच मोजतात. असाइनमेंटचे २५ टक्के, केंद्रावर जाऊन द्यायच्या परीक्षेचे ७५ टक्के. म्हणजे चार असाइनमेंट बिघडल्या तरी गुण जात नाहीत. म्हणून रमजानच्या बाहेरच्या आठ आठवड्यांत हलगर्जी करायची नाही. ती सूट आधीच लग्नसराईत उधळली तर रमजानला हात रिकामे. आणि असाइनमेंट सोडली तरी त्या आठवड्याचा धडा परीक्षेत येतोच, हे विसरायचं नाही.

रोज्यात अभ्यास कधी? सहरी आणि फजरनंतरचा एक तास. पोटात अन्न असतं, घर शांत असतं. सगळे पुन्हा झोपतात तेव्हा विद्यार्थ्याने तासभर बसून मग झोपावं. असरनंतर नवं काही घेऊ नये. डोकं साथ देत नाही, आणि मुली तर भजी-फळांच्या तयारीत असतात. तरावीहनंतर मोबाइल घेऊन बसणारी मुलं सहरीपर्यंत जागतात, आणि मग दिवसभर झोपतात. त्यांचा रमजानही जातो आणि सत्रही.

रात्रीचा मोबाइल

एरवीही हीच तक्रार आहे. घर झोपलं की नेट वेगाने चालतं, कुणी हाक मारत नाही, म्हणून मुलं रात्री दोनपर्यंत बसतात. मुलींच्या बाबतीत मला याचं वाईट वाटतं, कारण दिवसा वेळ न मिळाल्याने त्या स्वतःच्या झोपेतून वेळ कापतात. तेरा ते अठरा वयाच्या मुलांना आठ ते दहा तास झोप लागते असं झोपेचे डॉक्टर सांगतात. मोठ्यांनाही सात तरी हवेतच. झोप कापून केलेला अभ्यास दुसऱ्या दिवशी दुप्पट वेळ मागतो. “डोकं चालत नाही” म्हणणाऱ्या मुलीला मी दुसरा प्रश्न हाच विचारते, काल किती वाजता झोपलीस?

डोळ्यांसाठी एक साधा नियम आहे. दर वीस मिनिटांनी वीस सेकंद वीस फुटांवर बघायचं. आमच्या अंगणातलं लिंबाचं झाड साधारण तेवढ्यावर आहे. ज्यांच्या घरात वीस फूट मोकळं दिसतच नाही त्यांनी दारात येऊन उभं राहावं. तेवढीच हवा.

एकटेपणा हाही एक त्रास आहे, आणि तो मुलं सांगत नाहीत. बाकावर शेजारी कुणी नाही, डबा वाटून खायला कुणी नाही, चुकलं तर हसायला कुणी नाही. एकाच कोर्सच्या दोन-तीन मुली गावात असतील तर त्यांनी आठवड्यातून एकदा एकीच्या घरी बसावं. मुलग्यांसाठी अभ्यासिका आहेत. मुलींसाठी मोहल्ल्यातल्या मदरशाची एखादी खोली दुपारी दोन तास रिकामी असते, ती मिळाली तर काय बिघडेल? जिम्मेदार मंडळींनी याचा विचार करावा.

तारखांचा कागद

कॉलेजात नोटीस बोर्ड असतो, शिपाई असतो, मैत्रीण फोन करते. घरी बसून शिकणाऱ्याला तारीख कुणी सांगत नाही. एसएमएस येतो तो बँकेच्या आणि कर्जाच्या मेसेजमध्ये बुडतो. चार तारखा कागदावर मोठ्या अक्षरात लिहून स्वयंपाकघरात लावाव्यात. असाइनमेंटची शेवटची तारीख, परीक्षेच्या फॉर्मची, पुढच्या वर्षाच्या नोंदणीची आणि परीक्षेची. अभ्यासाच्या खोलीत लावू नका. स्वयंपाकघरात लावा, म्हणजे अम्मी, दादी सगळ्यांना दिसेल. ‘स्वयम्’च्या बाबतीत बरेच जण एक चूक करतात. कोर्सला नाव घातलं म्हणजे परीक्षेला नाव गेलं असं समजतात. तसं नसतं. कोर्स मोफत असतो, पण सर्टिफिकेटच्या परीक्षेची नोंदणी आणि फी वेगळी. मी स्वतः एक कोर्स बाराच्या बारा आठवडे नेटाने केला आणि नोंदणीची तारीख विसरले. परीक्षेला बसताच आलं नाही. दोष माझाच होता. परीक्षेचं केंद्र दुसऱ्या शहरात आलं तर कुणी सोबत जायचं, हेही हॉल तिकीट आल्यावर नाही, फॉर्म भरतानाच ठरवावं.

त्या बीएच्या मुलीचं विचाराल तर तिने तो लाल पेनाचा कागद घरी नेला. भावाला दाखवला, त्याने अब्बांना दाखवला. रिश्त्याची बोलणी थांबली नाहीत, पण मुलाकडच्यांना डिग्री पूर्ण करायची अट सांगितली गेली आणि त्यांनी ती मान्य केली. दुपारचे दोन तास आता तिचे आहेत. मशीन तिच्या वहिनीकडे गेली. राहिलेल्या तीन विषयांपैकी दोनच तिने या वेळी परीक्षेला घेतले आहेत. असाइनमेंट घेऊन ती परवा माझ्याकडे आली होती. अक्षर अजून तसंच आहे, दहावीतलं.